स्कॅनरनं दाखवलेल्या ६३ त्रुटींचं करायचं काय?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. बाहेरच्या डेव्हलपरांकडून तुम्ही एक ॲप करून घेतलं आहे, अँड्रॉइड आणि आयओएस दोन्हींसाठी. लोक त्यात नोंदणी करतात, भेटीची वेळ ठरवतात, कागदपत्रं चढवतात. ज्या कंपनीला ते द्यायचं आहे, तिनं सुरक्षा तपासणीचा अहवाल मागितला. तुम्ही एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, मॉबएसएफ या फुकट स्कॅनरमध्ये टाकली, तर शंभरपैकी ४१ गुण आणि ६३ त्रुटी आल्या. डेव्हलपर म्हणतात, यातल्या बहुतेक खोट्या आहेत. हातात तीन आठवडे आहेत आणि तुम्ही विचारताय की विकतचं चांगलं स्कॅनर घ्यावं का.

आत्ता घेऊ नका. दुसरं स्कॅनर आणलंत तर ६३ च्या जागी ८० किंवा ३५ त्रुटी दिसतील आणि तुम्ही पुन्हा याच ठिकाणी येऊन थांबाल. तुमची अडचण दुहेरी आहे. या यादीतलं खरं काय हे ठरवायचं कसं, आणि यादीत जे आलंच नाही ते शोधायचं कसं? बारा वर्षं मी हेच काम करतो आहे आणि मला सापडलेल्या सगळ्यात गंभीर त्रुटींपैकी बहुतेक कुठल्याही स्वयंचलित यादीत नव्हत्या. म्हणून दुसऱ्या भागावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी हे पाहा की स्कॅनर नेमकं करतं काय. एपीके ही मुळात एक झिप फाइल असते. स्कॅनर ती उघडतं, मॅनिफेस्ट म्हणजे ॲपच्या घटकांची आणि परवानग्यांची यादी वाचतं, डेक्स फाइलमधला यंत्रासाठी बांधलेला कोड उलट फिरवून जावासारखा वाचनीय करतं आणि त्यात ठरावीक खुणा शोधतं: एमडी५ ही मजकुराचा ठसा (हॅश) काढायची जुनी, कमकुवत पद्धत वापरलीय का, कुठला घटक बाहेरच्या ॲपसाठी उघडा आहे, कुठे लांबलचक किल्लीसारखी अक्षरं दिसतात. याला स्थिर तपासणी म्हणतात. यात ॲप चालतच नाही. कुठली माहिती मोलाची आहे हे स्कॅनरला माहीत नसतं आणि ॲप ज्या सर्व्हरशी बोलतं तो त्याला दिसत नाही.

म्हणून यादीला हात लावण्याआधी डेव्हलपरांना विचारा, ॲप कशात लिहिलंय? कोटलिन किंवा जावात असेल, तर स्कॅनरनं निदान खरा कोड वाचला आहे. फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून दोन्ही फोनसाठी ॲप बनवणारं साधन) असेल, तर ॲपचं सगळं डोकं लिबॲप नावाच्या बायनरी फाइलमध्ये बंद असतं आणि स्कॅनरनं वाचलेला जावा कोड हे फक्त वरचं टरफल असतं. रिॲक्ट नेटिव्ह या तशाच साधनात असेल, तर जावास्क्रिप्टचं गाठोडं ॲसेट्स फोल्डरमध्ये पडलेलं असतं, तेही २०२२ पासून साधारणपणे हर्मीस या इंजिनच्या बाइटकोडमध्ये, म्हणजे माणसाला सहज न वाचता येणाऱ्या रूपात. अशा ॲपचा स्वच्छ अहवाल पाहून निर्धास्त राहणं धोक्याचं आहे, कारण ज्याची तपासणी व्हायला हवी होती ते उघडलंच गेलेलं नसतं. तुमचं ॲप या प्रकारातलं निघालं तर मूळ कोड मागून घ्या आणि सेमग्रेपसारख्या साधनानं तोच तपासा. करारात कोडची मालकी तुमची असेल, तर तो मागण्यात संकोच करायचं कारण नाही.

आता त्या ६३ त्रुटी. प्रत्येकीला मी एकच प्रश्न विचारतो: हिचा वापर करून कुणाला, काय आणि कुठल्या परिस्थितीत मिळेल? उत्तराचं एक सरळ वाक्य बनत नसेल, तर ती त्रुटी खाली सरकवायची. खोडून मात्र टाकायची नाही. का सरकवली हे तिच्याशेजारी लिहायचं, कारण समोरची कंपनी उद्या तेच विचारणार आहे.

तुमच्या यादीत 'जानस' हे नाव बहुधा असेल. सीव्हीई-२०१७-१३१५६ ही ती त्रुटी (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींच्या यादीतला क्रमांक). ॲपवर डेव्हलपरची डिजिटल सही फक्त पहिल्या पद्धतीची असेल, तर अँड्रॉइड ५.० ते ८.० च्या फोनवर सही न मोडता त्यात परका कोड घुसवता यायचा. डिसेंबर २०१७ च्या सुरक्षा अद्ययावतीत ती बुजवली गेली. तुमचं ॲप अँड्रॉइड ९ आणि त्यापुढेच चालत असेल, तर हा मुद्दा एका ओळीत संपतो. जुन्या फोनवरही चालत असेल, तर तेवढे जुने फोन खरंच वापरात आहेत का ते पाहा आणि सहीची दुसरी, तिसरी पद्धत चालू आहे याची खात्री करा.

एमडी५ चंही तसंच. चित्रांच्या तात्पुरत्या फाइलला नाव द्यायला कुणी एमडी५ वापरलं असेल, तर त्यानं काही बिघडत नाही. पासवर्ड साठवायला वापरलं असेल तर ते घातक आहे. स्कॅनरला दोन्ही सारखंच दिसतं. त्रुटीशेजारी फाइलचा मार्ग दिलेला असतो तो वाचा. बरेचदा ती फाइल तुमच्या डेव्हलपरांची नसून एखाद्या बाहेरच्या लायब्ररीची निघते. 'खोट्या आहेत' असं डेव्हलपर म्हणतात ते बहुतेक यावरूनच, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबरही असतं.

उघड्या घटकांच्या बाबतीत मात्र वाद घालत बसू नका, करून पाहा. अँड्रॉइड १२ पासून इंटेंट फिल्टर (बाहेरून कुठल्या हाका घ्यायच्या ते सांगणारी नोंद) असलेला प्रत्येक घटक उघडा की बंद हे स्पष्ट लिहावंच लागतं, त्यामुळे आता ही चूक नकळत होण्यापेक्षा घाईत 'खुला' लिहून टाकल्यानं होते. फोन संगणकाला जोडा, एडीबी या फोनला आज्ञा देणाऱ्या साधनावरून तो स्क्रीन थेट उघडायची आज्ञा द्या. लॉगिन न करता खात्याचं पान उघडलं तर त्रुटी खरी. लॉगिनचंच पान आलं तर ती खाली सरकवा. पाच मिनिटांचं काम असतं आणि त्यानंतर चर्चा उरत नाही.

'कोडमध्ये किल्ली सापडली' या शेऱ्यावर मात्र वेळ घालवा. किल्ली किंवा की म्हणजे एखादी सेवा वापरायला लागणारी अक्षरं. इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. फायरबेस या गूगलच्या डेटाबेस वगैरे पुरवणाऱ्या सेवेची एपीआय की ॲपमध्ये असणारच. ती प्रकल्पाची ओळख आहे, गुपित नव्हे, आणि तिथे खरं संरक्षण डेटाबेसच्या नियमांत असतं. म्हणून ती किल्ली दिसली की नियम तपासायचे. रिअलटाइम डेटाबेसच्या पत्त्याला शेवटी 'डॉट जेसन' जोडून ब्राउझरमध्ये उघडा. लॉगिनशिवाय सगळा डेटा समोर आला, तर बाकीची यादी बाजूला ठेवा आणि आधी ते बंद करा. नकाशाची की असेल, तर ती फक्त तुमच्या ॲपच्या नावाला आणि सहीला बांधलेली आहे का ते बघा, नाहीतर तुमच्या खात्यावर दुसरा कुणीतरी नकाशे वापरेल. पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची गुप्त की, क्लाउडची गुप्त की, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा पासवर्ड यांपैकी काहीही ॲपच्या आत सापडलं तर ती पहिल्या क्रमांकाची त्रुटी.

यावर डेव्हलपर दोन उपाय सुचवतात आणि दोन्ही अपुरे आहेत. 'पुढच्या आवृत्तीतून काढतो' हा पहिला. पण जुनी एपीके ज्यांच्याकडे गेली, तिच्यातून की परत येत नाही. की रद्द करून नवी घ्यायची आणि ती सर्व्हरवरच ठेवायची. 'कोड दुर्बोध करतो' हा दुसरा. आर८ किंवा प्रोगार्ड ही त्यासाठीची साधनं. ती वर्गांची आणि फंक्शनांची नावं बदलतात, अवतरणातली अक्षरं जशीच्या तशी राहतात. की तिथेच असते आणि ती दिसते.

इथवरचं काम एका माणसाला साधारण तीन-चार दिवसांचं आहे. ६३ मधून आठ-दहा खऱ्या उरतील असा माझा अंदाज, पण तो आकडा ॲपवर अवलंबून आहे. तो आधीच मनात धरून यादी कापायला बसू नका.

पुढे ॲप चालवून तपासायचं. तुम्ही ॲपचे मालक आहात, ही फार मोठी सोय आहे. बाहेरच्या तपासनीसाला रूट केलेला (म्हणजे सगळे अधिकार मोकळे केलेला) फोन, चालत्या ॲपमध्ये ढवळाढवळ करणारं फ्रीडा हे साधन आणि बऱ्याच खटपटी लागतात. तुम्ही डेव्हलपरांकडून चाचणीसाठी वेगळं डिबग बिल्ड, म्हणजे आत डोकावता येईल अशी ॲपची प्रत, मागून घ्या. अँड्रॉइड ७ पासून, वापरकर्त्यानं स्वतः बसवलेल्या प्रमाणपत्रावर ॲप आपण होऊन विश्वास ठेवत नाहीत, म्हणून बर्प सूट किंवा मिटमप्रॉक्सी हे प्रॉक्सी ॲप आणि सर्व्हर यांच्या मध्ये घालून त्यांची रहदारी पाहायला गेलं की जोडणीच तुटते. नेटवर्क सुरक्षेच्या संरचना फाइलमध्ये डिबगपुरती सूट देता येते. ती फक्त डिबग बिल्डमध्येच लागू होते, त्यामुळे चुकून ग्राहकांपर्यंत जायची भीती नाही. फ्लटरचं ॲप फोनचं प्रॉक्सी सेटिंग मानत नाही आणि ही संरचना फाइलही मानत नाही, तिथे चाचणीच्या बिल्डमध्ये कोडमध्येच प्रॉक्सी लिहून घ्यावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे 'काहीच रहदारी दिसत नाही, म्हणजे ॲप सुरक्षित आहे' असा निष्कर्ष काढलेले अहवाल माझ्याकडे आलेले आहेत.

त्या बिल्डमध्ये एक बनावट खातं उघडा आणि त्याला असं नाव द्या जे दुसरीकडे कुठेच आढळणार नाही. पासवर्ड, पत्ता, कागदपत्राचा क्रमांक, सगळं तसंच विचित्र. ॲप तासभर मनसोक्त वापरा. मग ॲपचं खासगी फोल्डर उघडून ही अक्षरं सगळीकडे शोधा: शेअर्ड प्रेफरन्सेसच्या एक्सएमएल फाइलींत, एसक्यूलाइटच्या तक्त्यांत, कॅशमध्ये, लॉगकॅटच्या नोंदींत, फोनच्या सामायिक साठवणीत. चढवलेल्या कागदपत्राची प्रत गॅलरीत किंवा डाउनलोडमध्ये उरली आहे का? त्यानंतर लॉगआउट करा आणि पुन्हा शोधा. हा दुसरा शोध लोक विसरतात. लॉगआउट झाल्यावरही टोकन (लॉगिन झाल्याचा पुरावा म्हणून सर्व्हरला पाठवली जाणारी अक्षरं) आणि कागदपत्रं फोनमध्येच पडून असलेली मी अनेकदा पाहिली आहेत. आयओएसवर एक गोष्ट ध्यानात ठेवा. कीचेनमध्ये (गुपितं ठेवायच्या आयओएसच्या तिजोरीत) ठेवलेली वस्तू ॲप काढून टाकल्यावरही राहते, त्यामुळे ॲप पुन्हा बसवल्यावर आधीच्या माणसाचं खातं उघडतंय का तेही पाहायचं.

आता सर्व्हर. खरी मेख इथे आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असंच एक भेटीच्या वेळा ठरवणारं ॲप आलं होतं, आरोग्याशी संबंधित. स्कॅनरचा अहवाल नीटनेटका होता, डेव्हलपरांनी मेहनत घेतली होती, टोकन कीस्टोअरच्या (अँड्रॉइडच्या किल्ल्यांच्या तिजोरीच्या) साहाय्यानं सांकेतिक करून ठेवलेलं, जोडणी एचटीटीपीएसवरून. मी दोन खाती उघडली. पहिल्या खात्यातून तपासणीचा कागद उघडला, प्रॉक्सीत ती विनंती पाहिली, तिच्यातला क्रमांक एकानं वाढवला आणि पुन्हा पाठवली. दुसऱ्या खात्याचा कागद आला. सर्व्हर फक्त 'लॉगिन केलंय का' एवढंच पाहत होता, 'हा कागद याचाच आहे का' हे पाहतच नव्हता. ॲपच्या आतला एकही बाइट त्यात दोषी नव्हता, मग ॲपची फाइल वाचणाऱ्या स्कॅनरला ते कळणार कसं? त्या दिवसापासून वेळ कितीही कमी असो, दोन खात्यांची ही चाचणी मी सोडत नाही.

तुमच्या ॲपमध्ये कागदपत्रं आहेत, म्हणून किल्ल्या तपासून झाल्या की लगेच हे करा. दोन ग्राहक खाती आणि एक कर्मचारी खातं उघडा. पहिल्याच्या टोकननं दुसऱ्याची प्रत्येक वस्तू मागून पाहा: भेट, कागद, पावती, पत्ता. वाचता येते का, बदलता येते का, काढून टाकता येते का, तिन्ही वेगवेगळं तपासा, कारण वाचण्यावर बंधन घालून बदलणं मोकळं सोडलेलं असतं. मग ग्राहकाच्या टोकननं कर्मचाऱ्याच्या विनंत्या पाठवा. ॲपमध्ये बटण दिसत नाही म्हणून ती विनंती पाठवता येत नाही असं नसतं. क्रमांकाऐवजी लांब यादृच्छिक ओळख वापरली तरी ही तपासणी हवीच. ओळख कुठल्यातरी यादीतून फुटतेच.

याच बैठकीत ओटीपी पाहून घ्या. चार आकडी ओटीपीला १०,००० शक्यता असतात, सहा आकडीला १०,००,०००. चुकीच्या प्रयत्नांवर सर्व्हरनं मर्यादा घातली नसेल, तर चार आकडी ओटीपी एक साधी आज्ञावली मिनिटांत ओळखते. ही मर्यादा ॲपच्या स्क्रीनवर असून उपयोग नाही, ती सर्व्हरवर हवी. आणि ओटीपी मागवल्यावर सर्व्हरचं उत्तर डोळ्यांनी वाचा. चाचणीच्या काळात सोयीसाठी उत्तरातच ओटीपी पाठवलेला असतो आणि तो काढायचा राहून जातो. लॉगआउट केल्यावर जुनी विनंती जुन्याच टोकननं पुन्हा पाठवा. ती चालली, तर लॉगआउट फक्त फोनवर झालं, सर्व्हरवर नाही.

हे सगळं चाचणीच्या सर्व्हरवर आणि स्वतःच्या खात्यांवर करायचं. सर्व्हर दुसऱ्या कुणाचा असेल तर त्यांची लेखी परवानगी घ्या. पैसे देण्याची किंवा एसएमएसची सेवा बाहेरची असेल, तर तिच्यावर प्रयोग करायचे नाहीत. तुमच्या सर्व्हरपर्यंतच हद्द ठेवा.

बाहेरच्या लायब्रऱ्यांचं थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रं उलगडणाऱ्या लायब्ररीत सीव्हीई-२०२३-४८६३ सापडली आणि १.३.२ या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. अशी नेटिव्ह लायब्ररी ॲपच्या आत मिसळून गेलेली असते आणि नुसत्या एपीकेवरून तिची आवृत्ती ओळखणं अवघड जातं. डेव्हलपरांकडे मात्र अवलंबनांची नेमकी यादी असते: ग्रेडलची, पॉडफाइल लॉकची किंवा पबस्पेक लॉकची. ती मागा आणि ओएसव्ही या, आवृत्त्या ज्ञात त्रुटींशी ताडून पाहणाऱ्या स्कॅनरमधून काढा. अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रमाणपत्र पिनिंग (ॲपनं फक्त ठरलेलं प्रमाणपत्रच मानणं) आणि रूट केलेला फोन ओळखणं यावरही तुमच्या यादीत लाल शेरे असतील. डेव्हलपरांना हे करायला आवडतं, कारण ते करून दाखवता येतं. वाईट नाही. पण तुमच्या तीन आठवड्यांत ते शेवटी ठेवा. फ्रीडा हाताशी असलेल्या माणसाला दोन्ही ओलांडता येतात, आणि ती भिंत पलीकडच्या सर्व्हरमधलं भगदाड बुजवत नाही. बँकेचं ॲप असतं तर मी वेगळं बोललो असतो.

आयओएससाठी डेव्हलपरांकडून थेट आयपीए, म्हणजे आयओएस ॲपची फाइल, घ्या. स्टोअरवरून उतरवलेली फाइल ॲपलच्या सांकेतिक आवरणात असते, स्कॅनरला तिचा मुख्य भाग वाचता येत नाही. तिथली स्थिर तपासणी तशीही उथळच निघते, म्हणून साठवण आणि रहदारी यांवर भर द्या. प्रॉक्सीचं प्रमाणपत्र बसवल्यावर सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली जाऊन त्यावर पूर्ण विश्वास स्वतंत्रपणे चालू करावा लागतो, नाहीतर काहीच दिसणार नाही. सर्व्हर दोन्हींचा एकच असेल तर सर्व्हरची चाचणी पुन्हा करायची गरज नाही.

विकतच्या साधनाबद्दल. दर आठवड्याला नवी आवृत्ती काढणार असाल, एकापेक्षा जास्त ॲप असतील, त्रुटी कुणाकडे आणि किती दिवस पडून आहेत याचा माग ठेवायचा असेल, तर ते उपयोगी पडतं. एकदाच अहवाल द्यायचा असेल, तर तोच पैसा सर्व्हर आणि ॲप दोन्ही हातानं तपासणाऱ्या माणसावर खर्च करा. माणूस निवडताना त्याचा जुना, नावं झाकलेला अहवाल मागा. त्यात एका खात्यातून दुसऱ्याची माहिती काढण्याचा प्रयत्न केल्याची नोंद नसेल, तर दुसरा माणूस बघा. फुकटच्या ऑनलाइन स्कॅनरवर एपीके चढवण्याआधी त्यांच्या अटी वाचा. काही सेवा फाइल आणि अहवाल इतरांनाही देतात आणि तुमची गुप्त की अजून आतच असू शकते. तुमच्या संगणकावर चालणारं मॉबएसएफ त्या दृष्टीनं उत्तम आहे.

अहवालात गुणांचा आकडा पहिल्या पानावर ठेवू नका. ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचं एमएएसव्हीएस हे मोबाइल ॲपसाठीचं मानक घ्या. २०२३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली आणि आता त्यात साठवण, क्रिप्टोग्राफी, ओळख-पडताळणी, नेटवर्क, प्लॅटफॉर्म, कोड, प्रतिकारक्षमता आणि खासगीपणा असे आठ गट आहेत. प्रत्येक गटाखाली काय तपासलं, कसं तपासलं, काय सापडलं, काय दुरुस्त झालं आणि काय तपासलं नाही ते लिहा. सर्व्हरची चाचणी या मानकात येत नाही, तिच्यासाठी वेगळं प्रकरण करा. समोरची मंडळी जाणकार असतील तर 'तपासलं नाही' हा रकाना पाहूनच त्यांचा विश्वास बसेल.

दिवसांची वाटणी मी अशी करेन. पहिले दोन दिवस किल्ल्या आणि फायरबेसचे नियम, लगेच पुढचे चार दिवस दोन खात्यांची चाचणी, कारण सर्व्हरच्या दुरुस्तीला डेव्हलपरांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. ते दुरुस्त करत असताना तुम्ही साठवण तपासा आणि ६३ त्रुटींची शहानिशा उरका. शेवटचे चार दिवस फेरतपासणीला राखून ठेवा आणि ती डिबग बिल्डवर नको, ग्राहकांना जाणाऱ्या बिल्डवर करा. प्ले स्टोअर तुमच्या बंडलमधून स्वतः एपीके तयार करून सही करतं, त्यामुळे फाइलचा हॅश जुळणार नाही. आवृत्तीचा क्रमांक जुळवा, स्टोअरच्या चाचणी वाहिनीवरून ॲप फोनवर उतरवा, त्यातली एपीके काढून पुन्हा स्कॅन करा आणि चाचणीचा सर्व्हर, चाचणीची खाती, प्रॉक्सीचा पत्ता यांपैकी काही आत राहिलंय का ते शोधा. तोच आवृत्ती क्रमांक आणि तपासणीची तारीख अहवालाच्या पहिल्या पानावर घाला.